तुझ्या पगारातले 650 रुपये

सातारा

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या पगारपत्रकातील कपातींबद्दल तू फोनवर बरीच कुरकुर केलीस आणि त्यातही सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेच्या) 650 रुपयांवर तुझा विशेष राग दिसला. "मी आजारी पडतेच कधी?" हा तुझा प्रश्न तुझ्या वयाला शोभतो; पण त्याचे उत्तर फोनवर मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारने 1954 साली दिल्लीत सुरू केलेल्या या योजनेत वर्गणी ठरते ती वय किंवा प्रकृती पाहून नव्हे, तर वेतनस्तर पाहून. पहिल्या पाच स्तरांना महिना 250, सहाव्याला 450, सात ते अकरा या स्तरांना 650 आणि त्यापुढे 1000 रुपये. तू सातव्या स्तरावर लागलीस. खाजगी मेडिक्लेममध्ये वयाबरोबर हप्ता चढत जातो आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. इथे तुझ्या कार्यालयातील मधुमेही शिपाई तुझ्यापेक्षा कमी वर्गणी भरतो आणि त्याला पहिल्या दिवसापासून औषधे मिळतात. उद्या तुझ्या कार्डावर नवरा आणि मुले आली तरी कपात वाढणार नाही. मला हा हिशेब न्याय्य वाटतो.

मात्र जे स्वस्त आहे ते कागदपत्रांच्या शिस्तीवर चालते, हे नीट लक्षात घे. साध्या आजारासाठी तुझ्या वेलनेस सेंटरमध्ये (जुनी माणसे अजून डिस्पेन्सरीच म्हणतात) जायचे. तिथे नसलेले औषध ते अधिकृत विक्रेत्याकडून मागवून देतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी तिथल्या डॉक्टरांचे रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, घेऊनच योजनेच्या यादीवरच्या खाजगी रुग्णालयात जायचे. तुझे मूळ वेतन 44,900 असल्यामुळे तुला सेमी-प्रायव्हेट खोली मिळेल. हौसेने वरची खोली घेतलीस तर फरक तुझ्या खिशातून जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कॅशलेसची, म्हणजे रुग्णालयात पैसे न भरता उपचार घेण्याची, सोय मुख्यतः निवृत्तांसाठी आहे. तातडीचा प्रसंग सोडला तर नोकरीत असलेल्यांनी बहुधा आधी पैसे भरायचे आणि मग कार्यालयाकडून परत घ्यायचे असतात. ते परत मिळतात योजनेच्या दराने, रुग्णालयाने लावलेल्या आकड्याने नव्हे. सुट्टीत इथे आली असताना अचानक काही झाले, तर यादीबाहेरच्या रुग्णालयातही तातडीचे उपचार घेता येतात, पण परतावा त्याच दराने मिळेल. म्हणून लाखभर रुपये सहज हाताशी येतील अशा ठेवीत बाजूला ठेव.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला राज्याच्या 1961 च्या नियमांनुसार प्रतिपूर्ती मिळते. माझ्या अँजिओप्लास्टीच्या वेळी शिक्षक सोसायटीचे कर्ज काढून बिल भरले आणि मग फाईलचा प्रवास सुरू झाला. आजार 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांच्या यादीत बसतो का, प्रत्येक पावतीवर डॉक्टरांची सही आहे का, डिस्चार्ज कार्डावरची तारीख आणि बिलावरची तारीख जुळते का, अशा एकेका शेऱ्यासह ती फाईल परत येई. कर्जाचे व्याज मात्र थांबत नसे. तेव्हा मूळ बिले, डिस्चार्ज समरी आणि रेफरल यांच्या झेरॉक्स काढल्याशिवाय काहीही जमा करू नकोस आणि दावा घरी आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल कर.

कार्डाच्या अर्जात आमची नावे घालू का, असे तू विचारले होतेस. घालू नकोस. अवलंबित आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा महिना 9000 रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता एवढी आहे आणि माझे निवृत्तिवेतन तिच्या वर जाते. लग्नानंतर स्त्री कर्मचाऱ्याला आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एका जोडीची निवड करता येते आणि ती निवड पूर्ण नोकरीत एकदाच बदलता येते. सासरी कुणाला निवृत्तिवेतन नसेल, तर बिनदिक्कत त्यांची नावे दे. आईची आणि माझी पॉलिसी चालू आहे. हप्ता महाग आहे, पण तो मी भरतो आहे.

तुझे
बाबा