परसबागेत फुलांचाही वाफा हवा

मा. संपादक,

शाळांच्या परसबागांबद्दल अलीकडे बरंच छापून येतं. पोषण आहारात मुलांच्या हातची भाजी पडते, हे वाचून समाधान वाटतं. पण या बागांत एक गोष्ट राहून जाते, म्हणून हे पत्र.

मी शिकवत होते त्या शाळेत एका वर्षी लाल भोपळ्याचा वेल कुंपणभर पसरला, फुलांनी भरला. भोपळा मात्र एकही धरेना. मादी फुलाखालची इवली गोळी पिवळी पडून गळून जायची. आम्ही खत घातलं, पाणी वाढवलं. शेवटी एका मुलीची आजी म्हणाली, "बाई, माशीच फिरकत नाही, तर धरंल कसं?" आजूबाजूला पेव्हर ब्लॉक आणि शोभेची झाडं, मधमाशीने यावं तरी कशाला? आणि नरफुलातले पराग मादी फुलावर नेते ती तीच. मग रोज परिपाठाआधी मुलं नरफूल तोडून मादी फुलावर टेकवू लागली. तेव्हा कुठे भोपळे लागले. वांग्याचं आणखी वेगळं. त्याचे पराग नळीसारख्या कोषात असतात. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, त्या थरथरीने ते झडतात. मधमाशीला ते जमत नाही.

शाळेतल्या इको क्लबसाठी, म्हणजे मुलांच्या पर्यावरण मंडळासाठी, 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १५ हजार, तर माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातला थोडा भाग फुलांच्या वाफ्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी मागणी आहे. तुळस, सब्जा, झेंडू, सूर्यफूल यांना खर्च तो किती! मुळ्याची चार रोपं आणि थोडी कोथिंबीर न उपटता फुलावर येऊ दिली, तरी माश्या जमतात. लिंबू आणि कढीपत्ता लावले की पानांवर फुलपाखरांच्या अळ्या दिसतात. २०१५ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा राज्य फुलपाखरू जाहीर केलं, त्या नीलवंताच्या अळ्याही लिंबावरच वाढतात. या अळ्यांवर औषध फवारू नये, एवढं पथ्य पाळावं. थोडी जमीन उघडी आणि कोपऱ्यात वाळके बांबू राहू द्यावेत. कित्येक एकट्या राहणाऱ्या माश्या मातीत, भुंगे बांबूत घर करतात.

मुलांना माश्या चावतील, ही पालकांची भीती मी समजू शकते. पण इथे मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या नाहीत. फुलावर मध गोळा करणारी माशी, तिला चेपलं-छेडलं नाही तर, सहसा डंख मारत नाही, आणि पोया माशीला तर नांगी चालवताच येत नाही. आग्या मोहोळाजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नये.

हेच गावच्या मंदिराच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेतही करता येईल. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात भाग घेणाऱ्या गावांनी झाडांची संख्या मोजताना फुलणारी देशी झुडपंही लावावीत.

अडचण खरी आहे ती मे महिन्याची. रोपांना निधी मिळतो, पण सुट्टीत पाणी घालायला माणूस नसतो आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वाफा वाळून गेलेला असतो. म्हणून त्या दीड महिन्यासाठी गावातल्या एखाद्या बचत गटाला मानधन देण्याची तरतूद याच निधीत शिक्षण विभागाने करावी.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)