वेटिंगचं तिकीट, अर्धा तास आणि १,३६५ रुपये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई आहे. चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. शेवटची काही वर्षं आमच्या पोस्टात रेल्वे आरक्षणाचीही खिडकी होती आणि तिथला माणूस रजेवर गेला की ते मशीन माझ्याकडे यायचं. म्हणून सुरुवातीलाच सांगते, नियम माहीत नव्हता म्हणून फसलो, अशी ही तक्रार नाही. नियम मला पाठ होता: खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केलं तरच पैसे परत मिळतात. तरी १,३६५ रुपये गेले.

मे महिन्यात वर्ध्याला माझ्या पुतणीच्या मुलीचं लग्न होतं. जाणारे आम्ही तिघं: मी, थोरल्या जाऊबाई अक्का आणि थोरले दीर आण्णा. वयं अनुक्रमे ६६, ७२, ७४. एप्रिलमध्येच खिडकीवर जाऊन स्लीपरची तीन तिकिटं काढली, माणशी ४५५ रुपये. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, नाहीतर आम्हा दोघी बायकांना अर्ध्या पैशात जाता आलं असतं. वेटिंग २१, २२, २३ होतं. लग्नसराई होती, पण एवढं उतरेल असं आण्णांचं मत पडलं. आण्णांचं वेटिंगबद्दलचं मत आमच्या घरात हवामान खात्यासारखं असतं. ऐकतात सगळे, छत्री मात्र जो तो आपापली घेतो.

आरक्षणाचा फॉर्म अक्कांच्या नातवानं भरला. त्याचं अक्षर चांगलं. नावं, वयं, गाडीचा नंबर सगळं नीट लिहिलं आणि खाली मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला. मी तिथेच उभी होते. चौतीस वर्षं लोकांना ‘पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःचा लिहा हो’ म्हणून ओरडणारी मी, माझ्याही ते लक्षात आलं नाही.

गाडी रात्री ८ वाजून २५ मिनिटांची. चार तास आधी चार्ट, म्हणजे कुणाला जागा मिळाली त्याची शेवटची यादी, लागला. पावणेपाचला मी रेल्वेच्या १३९ या चौकशी नंबरला फोन लावून पीएनआर विचारला, तर वेटिंग ३, ४, ५. म्हणजे अठरा नंबर उतरले आणि आमच्या दारात येऊन गाडी थांबली.

आता आमच्या गावाचा भूगोल सांगते. स्टेशन आमच्यापासून १९ किलोमीटर, पूर्वेला. पुण्याची एसटी मिळते तो हायवेचा फाटा पश्चिमेला, ८ किलोमीटर. शेजारची जीप साडेसहाला यायची होती ती सव्वापाचला बोलावली. आण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, ‘‘सांगा, लग्नाला जायचं की पैसे आणायला जायचं?’’ हसण्यावारी म्हणाले, पण प्रश्न खराच होता. पूर्वेला गेलो तर पैसे मिळतील आणि एसटी चुकेल. पश्चिमेला गेलो तर एसटी मिळेल, तिकिटाचं काय ते देव जाणे.

मी म्हटलं, चला पश्चिमेला. कारण मला माहीत होतं की खिडकीवरचं तिकीटही घरबसल्या रद्द करता येतं, १३९ वरून किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावरून. आपल्या पुण्याच्या खासदार मेधा कुलकर्णी यांनी मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत नेमका हाच प्रश्न विचारला होता: खिडकीवरून वेटिंगचं तिकीट काढलेल्यानं ते रद्द करायला गाडी सुटण्याआधी स्टेशनवर जायलाच हवं का? त्यावर रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांचं लेखी उत्तर आलं, की तिकीट ऑनलाइन किंवा १३९ वर रद्द करता येतं, मूळ तिकीट मात्र आरक्षण केंद्रावर जमा करावं लागतं. ती बातमी मी कात्रण काढून ठेवली होती. निवृत्त माणसाचे उद्योग.

फाट्यावर एसटीची वाट बघत, पिशव्यांवर बसून मी १३९ लावला. पीएनआर दिला, गाडीचा नंबर दिला. पुढे ओटीपी मागितला. ओटीपी कुठे गेला? तिकिटावर जो नंबर आहे तिकडे. नातू कोल्हापुरात एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दर दहा मिनिटांनी फोन केला. अक्कांनी केला, आण्णांनी केला. एसटी आली, बसलो. तिघांनाही अर्धं तिकीट. कंडक्टरनं अक्कांना खिडकीजवळ जागा करून दिली. साताऱ्याच्या पुढे मी आणखी दोनदा प्रयत्न केला. घड्याळात ७.५५ झाले तेव्हा मी फोन पिशवीत टाकला, कारण वेटिंगचं तिकीट गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंतच रद्द होतं.

खंबाटकी चढत असताना, आठ वाजून दहा मिनिटांनी, नातवाचा फोन. ‘‘आजी, मला कसलेतरी पाच ओटीपी आलेत. तुम्ही गाडीत बसलात ना?’’ अक्का म्हणाल्या, ‘‘बसलो रे बाळा, दुसऱ्या गाडीत.’’

पुण्याहून पुढची खासगी बस माणशी १,८०० ला पडली. तो बाजाराचा भाव, त्याबद्दल रेल्वेला बोलत नाही. परत आल्यावर मी तिकीट घेऊन खिडकीवर गेले. मिळणार नाही हे ठाऊक होतं. पण चौतीस वर्षं आत बसल्यावर बाहेर उभं राहून ‘नाही’ ऐकायला कसं वाटतं तेही एकदा बघावं म्हटलं. आतला मुलगा सभ्य होता. पीएनआर टाकून त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘‘काकू, मी द्यायचं म्हटलं तरी मशीन घेत नाही.’’ खरंच आहे ते, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कुणीतरी टीडीआर भरा, म्हणजे तिकीट जमा करून पावतीवर मागाहून पैसे मागा, म्हणून सुचवलं. पण पूर, बंद, रेल रोको यांसारख्या कारणांनी ज्याला स्टेशनच गाठता आलं नाही, त्याच्यासाठी ती सोय आहे. माझ्याकडे पूर नव्हता, लग्न होतं.

माझं म्हणणं पुढचं आहे. शेजारची मुलगी त्याच गाडीनं अकोल्याला निघाली होती. तिचं तिकीट मोबाइलवर काढलेलं. तेही वेटिंगच राहिलं. तिनं काही म्हणजे काही केलं नाही. चार्ट लागला, तिकीट आपोआप रद्द झालं आणि दोन-तीन दिवसांत क्लार्केजचे, म्हणजे रद्द करण्याच्या कारकुनी खर्चाचे, ६० रुपये कापून बाकी भाडं तिच्या खात्यात आलं. तिकीट काढताना सुविधा शुल्क म्हणून कापलेले ११ रुपये ८० पैसे तेवढे गेले. तिनं मला मेसेज दाखवला आणि बिचारी ओशाळली, जणू तिनंच आमचे पैसे घेतले होते.

एकच गाडी, एकच डबा, एकच वेटिंग लिस्ट. बर्थ तिलाही मिळाला नाही, आम्हालाही नाही. कन्फर्म तिकीट शेवटच्या क्षणी रद्द केलं तर रेल्वेचा बर्थ रिकामा जातो, तेव्हा रेल्वेनं पैसे कापले तर समजू शकते. वेटिंगवाल्यानं कसला बर्थ अडवला? आमच्यामुळे त्या गाडीत एक उशीसुद्धा रिकामी गेली नाही. तरी मोबाइलवाल्याचे ६० जातात आणि कागदवाल्याचे सगळेच्या सगळे. आमचे जर रद्द झाले असते तर १८० कापून १,१८५ मिळाले असते.

हे पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. २०१३ मध्ये नियम बदलले तेव्हा वेटिंगचं तिकीट गाडी सुटल्यानंतरही तीन तासांपर्यंत परत करता यायचं. १२ नोव्हेंबर २०१५ पासून नवा नियम आला आणि काटा उलटा फिरला, सुटण्याआधी अर्धा तास. त्याच फेऱ्यात क्लार्केजही ३० चं ६० झालं. पोस्टाच्या खिडकीवर तेव्हा आम्ही नवा तक्ता चिकटवला होता, तो मला अजून दिसतो. चार्ट तेव्हा चार तास आधी लागायचा, म्हणजे त्यानंतर उरायचे साडेतीन तास. त्यात शेतावरून घरी या, तिकीट शोधा, वाहन बघा, स्टेशन गाठा, रांगेत उभे राहा. शहरात हे जमत असेल. आमच्याकडे साडेतीन तासांत एसटी येते की नाही इथपासून तयारी.

रेल्वेची बाजूही मला कळते. कागदी तिकीट हातात असलं की माणूस जनरल डब्यात उभा राहून निघून जाऊ शकतो आणि दोन दिवसांनी येऊन ‘मी गेलोच नाही’ म्हणून पैसे मागू शकतो. आत बसलेल्या माणसाला हे सुचतंच, मलाही सुचतं. म्हणून कागद हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत, हे ठीक. पण त्यावर उपाय फार सोपा आहे. आरक्षणाच्या फॉर्मवर वरच्या वर्गात जागा असेल तर चालेल का, म्हणून चौकोन असतो. तसाच आणखी एक चौकोन छापा: ‘चार्ट लागल्यावरही वेटिंग राहिल्यास तिकीट रद्द धरावे.’ ज्यानं तिथे खूण केली त्याचं तिकीट मोबाइलवाल्यासारखंच आपोआप रद्द होईल, त्या कागदावर त्याला जनरलमध्येही बसता येणार नाही आणि पैसे तीन दिवसांत कोणत्याही खिडकीवर कागद देऊन मिळतील. ज्याला जनरलनं जायचं असेल त्यानं खूण करू नये. तिकिटावर तशी एक अक्षराची नोंद आली की टीसीलाही कळेल.

तीन दिवस म्हणते ते उगीच नाही. रेल्वेनं स्वतः गाडी रद्द केली तर खिडकीवरचं तिकीट परत करायला आजही तीन दिवस मिळतात. म्हणजे मशीनला ते येतं. कोरोनात तर मार्च ते जुलै २०२० मधल्या तिकिटांसाठी ही मुदत वाढवत वाढवत नऊ महिन्यांपर्यंत नेली होती. कौतुकच केलं होतं आम्ही.

आणि तो चौकोन येईपर्यंत निदान १३९ ची अडचण सोडवा. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जात असेल तर तिकिटावरचं पहिलं नाव आणि वय विचारा, आधारचे शेवटचे चार आकडे विचारा, काहीही विचारा. आमच्यासारख्यांचे फॉर्म बहुतेक वेळा नातू, शेजारी, नाहीतर झेरॉक्सवालाच भरतो. नंबरही त्याचाच असतो.

एवढ्याशा रकमेसाठी पेपरात पत्र काय लिहायचं, असं घरात एकानं विचारलं. (कोण ते लिहीत नाही, पेपर तोच आधी वाचतो.) माहितीच्या अधिकारात बाहेर आलेला आकडा मी त्याला दाखवला: २०२१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत रद्द झालेल्या वेटिंगच्या तिकिटांतून रेल्वेला १,२२९ कोटी ८५ लाख रुपये मिळाले. आणि राजस्थानातल्या कोटा शहरातल्या एका अभियंत्याचीही गोष्ट सांगितली. २०१७ मध्ये त्यानं रद्द केलेल्या वेटिंगच्या तिकिटावर ३५ रुपये जास्त कापले गेले होते. तो भांडत राहिला. २०१९ मध्ये ३३ रुपये परत आले. राहिलेल्या २ रुपयांसाठी तो आणखी तीन वर्षं भांडला आणि २०२२ मध्ये तेही मिळाले. त्याच्यामुळे त्याच्यासारख्या २ लाख ९८ हजार लोकांचे पैसे परत करायचं ठरलं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं.

आमच्या काळी मनीऑर्डर घेणारा सापडला नाही तर पैसे पाठवणाऱ्याला घरपोच परत जायचे. कमिशन तेवढं पोस्ट ठेवून घ्यायचं. पाठवणाऱ्यानं १९ किलोमीटर येऊन ‘माझी मनीऑर्डर पोचली नाही’ असं अर्धा तास आधी सांगावं, अशी अट मी कधी कुणाला घातली नाही.

ता. क. सोबत तिकिटाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ तिकीट पाठवणार होते, पण आण्णा देत नाहीत. नियम बदलला तर खिडकीवर ते मागतील, असं त्यांचं मत आहे.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांस कळवला आहे)