आमची मिनिटं लिहून ठेवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धांमध्ये यंदा गुणलेखकाच्या टेबलावर तुम्ही नव्हता. गुडघ्यांनी ऐकणं सोडलंय, आता नव्या पोरांनी बसावं, असं तुम्ही सांगितलंत आणि वह्यांचा गठ्ठा माझ्या हवाली केलात. सत्कार, शाल-श्रीफळ तुम्ही होऊ देणार नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. ज्या मुलींची नावं तुमच्यामुळे पेपरात आली, त्या सगळ्यांच्या वतीनं.

आम्ही कॉलेजला होतो तेव्हा मुलींच्या खो-खोला कुणी विचारत नव्हतं. क्रिकेटच्या अंतिम सामन्याला मांडव, पाहुणे, लाऊडस्पीकर. आमचे सामने मागच्या मैदानावर, भर दुपारी. बघायला कोण, तर पुढच्या सामन्याची वाट बघत बसलेले दुसरे संघ. एवढी धावाधाव करून जिमखान्याच्या फळ्यावर काय लागायचं? ‘खो-खो (मुली) – द्वितीय.’ एक ओळ. त्यात आम्ही कुठेच नसायचो. ज्या खेळाचे नियम बांधायला पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्येच सुरुवात केली, त्या खेळाची महाराष्ट्रातल्याच कॉलेजात ही गत होती.

आणि खो-खोत तर ही एक ओळ फारच अन्याय करते. आक्रमण करणारीनं गडी बाद केला की गुण मिळतो, तो फलकावर दिसतो. पण संरक्षणाला उतरलेली मुलगी? तिघींची तुकडी आत जाते, नऊ मिनिटांची पाळी असते, समोर आठ जणी चौकात बसलेल्या आणि नववी अंगावर धावून येतेय. त्यात एखादी एकेरी साखळी खेळत, म्हणजे बसलेल्या जणींच्या मधून नागमोडी पळत, खांबाजवळ हुलकावणी देत तीन मिनिटं काढते तेव्हा समोरच्या संघाची अख्खी पाळी खिळखिळी होते. पण तिच्या नावावर गुण शून्य. तिनं केलेलं काम कुठे दिसत असेल तर ते गुणपत्रकातल्या वेळेच्या रकान्यात, आणि सामना संपला की ते गुणपत्रक फाइलला लागतं.

तुम्ही ते फाइलला लागू दिलं नाहीत, सर. तुमच्या मोठ्या उपकाराची सुरुवात तिथून आहे.

सामना संपला की बाकीचे पंच चहाला जायचे आणि तुम्ही वही घेऊन आमच्या घोळक्यात यायचात. वेळाधिकाऱ्याच्या नोंदीशी तुमची नोंद ताडून झालेली असायची. मग एकेकीला नाव विचारायचं. नुसतं नाव नाही, आडनाव, गाव, कितवीला आहेस. ‘‘वेलांटी पहिली का दुसरी? नीट सांग, उद्या छापून येणारे.’’ आम्ही हसायचो. तुम्ही हसायचा नाहीत, वही पुढं करून आमच्याकडूनच तपासून घ्यायचात. परतीच्या एसटीत मांडीवर कागद ठेवून बातमी लिहायची आणि जिल्हा पानं लागायच्या आत पेपरच्या कचेऱ्यांमध्ये पोचवायची. पुढं मोबाईल आले तेव्हा स्टँडवरच उभं राहून टाईप करायचात. या कामाचे तुम्हाला कुणी पैसे दिले नाहीत. मानधन मिळायचं ते गुणलेखनाचं, बातमीचं नाही.

माझ्या नावापुढे पहिल्यांदा कंसात ‘२.४० मि. संरक्षण व १ गडी’ असं छापून आलं, तेव्हा मी काय खेळले हे मला कागदावर दिसलं. आमच्या संघातल्या माण तालुक्यातल्या मैत्रिणीचं तर पुढं बरंच झालं. तिचं कात्रण कुणीतरी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काचेखाली लावलं. सकाळी दूध घालायला येणारी माणसं वाचायची आणि तिला विचारायची, ‘‘अडीच मिनिटं पळालीस, त्यात पेपरात येण्यासारखं काय?’’ तिनं वाद घातला नाही. देवळासमोर चुन्यानं रेघा मारल्या, दोन वासे रोवले, आठ पोरं एकाआड एक उलट तोंडं करून बसवली आणि म्हणाली, धरा मला. पोरांना वाटलं, यात काय अवघड. एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही, हे कळेपर्यंतच त्यांचा दम गेला. त्या रेघा पुन्हा पुसल्या गेल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुली तिथं खेळायला आल्या. मैत्रिणीच्या वडिलांनी त्यानंतर तिला परगावच्या सामन्यांना पाठवताना का-कू केलं नाही.

बातमीत तुम्ही हरलेल्या संघाची नावंही तितक्याच निगुतीनं द्यायचात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘पराभूत संघाकडून’ असं म्हणून दोन-तीन जणींचा खेळ वेळेसकट नोंदवलेला असायचा. जागा कमी पडली की संपादक शेवटच्या ओळी कापतात, हे ओळखून तुम्ही ती नावं मध्येच घालायचात! एकदा बरोबरी झाली, जादा डावातही बरोबरी सुटली नाही आणि सामना लघुत्तम आक्रमणावर गेला. खो-खो न खेळलेल्याला यातलं काय कळणार? तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत की आता ज्या संघाला पहिला गडी टिपायला कमी वेळ लागेल तो जिंकणार. ती बातमी आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली होती. पुढच्या सामन्याला त्या स्वतः मैदानावर आल्या.

आता दिवस बदललेत. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग झाली, मॅटवरचा वेगवान खेळ घरोघरी टीव्हीवर दिसला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्हीकडे नेपाळला हरवून जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्याआधी २०२० मध्ये धाराशिवची खो-खो खेळाडू सारिका काळे हिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही आम्ही पेढे वाटले होते. पण अशी मोठी नावं वर जातात ती खाली विभागीय स्पर्धांमधून घासून निघतात म्हणून, आणि त्या स्पर्धांकडे आजही कुणाचं लक्ष नसतं. सामने यूट्यूबवर थेट दाखवतात, चांगलंच आहे. मात्र पडद्यावर नुसते पाठीवरचे नंबर पळताना दिसतात. कोण मुलगी, किती वेळ टिकली, काही कळत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, त्यावरही संघाचा क्रमांक असतो, त्या मुलीचा खेळ नसतो. खेळाला चालना द्यायची असेल तर भाषणांच्या आधी प्रत्येक कॉलेजनं गुणपत्रक पुरतं छापावं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या शाळेत मी तेच करते. तालुक्याच्या सामन्यातही माझ्या मुलींची वेळ लिहिलेली असते आणि रात्री ग्रुपवर पूर्ण नावांनिशी जाते. वेलांट्या तपासूनच.

सर, तुम्ही आम्हाला खेळवलं नाहीत, ते आमच्या क्रीडाशिक्षकांनी केलं. तुम्ही आम्ही खेळलो याचा पुरावा ठेवलात. त्यासाठी मनापासून आभार. काकूंचेही. कारण स्पर्धेच्या दिवसांत तुमचं रात्रीचं जेवण कितीदा झाकून ठेवलं गेलं असेल याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

वह्या टाईप करायला घेतल्यात. दहावीतल्या दोघी शनिवारी येऊन बसतात, मी वाचते, त्या लिहितात. एका निळ्या वहीत उपांत्य सामन्याच्या पानावर पाणी सांडलंय, दुसऱ्या तुकडीतल्या शेवटच्या मुलीची वेळ ३.१० आहे की ३.४० ते लागत नाही. तिला फोन केला होता, तिलाही आठवत नाही, पण जास्तीची लिहू नका म्हणाली. येत्या रविवारी सकाळी वही घेऊन येते. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
एक जुनी संरक्षक, आता शारीरिक शिक्षणाची शिक्षिका