आत्ताच हे सांग

दांडिया बाजार, बडोदा
रविवार, रात्री साडेअकरा

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी तू आईला फोनवर ओझरतं सांगितलंस, ते डोक्यातून जात नाही. पगाराच्या फॉर्मची मेल आली, घाईत लिंक उघडून पासवर्ड आणि ओटीपी टाकलास, मग पत्ता वेगळाच दिसला म्हणून पान बंद केलंस आणि पासवर्ड बदललास. ऑफिसात मात्र कुणाला सांगितलं नाहीस, कारण अजून प्रोबेशन आहे.

मघाशी आत्याच्या मुलाला फोन केला, तो कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करतो. (तुझं नाव घेतलं नाही.) तो म्हणाला, पासवर्ड बदलला ते बरंच, पण तेवढ्याने भागत नाही. खोटं पान तुझा ओटीपी त्याच क्षणी खऱ्या ठिकाणी वापरून आत शिरू शकतं, आणि एकदा शिरलेला माणूस पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतो. त्याला बाहेर काढणं, तुझ्या मेल परस्पर दुसरीकडे जाताहेत का ते बघणं, हे तुमच्या आयटीवाल्यांचं काम. ती मेल डिलीट करू नकोस, त्यांना लागेल. शेजारच्या टेबलावरही तीच मेल आली असेल, आणि त्या मुलीने अजून उघडली नसेल.

आमच्या बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोघांकडे एकेक. एकट्याला उघडताच येत नसे. कॉम्प्युटर आले तेव्हा पासवर्ड ही तशीच किल्ली आहे, हे मला समजलं नव्हतं. तुझ्या गॅदरिंगला यायचं म्हणून मी माझा पासवर्ड शेजारच्या सहकाऱ्याला देऊन निघालो. दुसऱ्या दिवशी माझ्या नावावर चाळीस हजारांची चुकीची नोंद. घाबरून तीन दिवस गप्प राहिलो. तोवर खातेदाराने पैसे काढून नेले होते. चौकशीत साहेबांनी पासवर्डबद्दल एकदाच विचारलं, त्या तीन दिवसांबद्दल मात्र पुन्हा पुन्हा. ते तीन दिवस मला आजही छळतात. आईलाही हे कधी सांगितलं नव्हतं.

चूक कुणाकडूनही होते गं. २०११ साली आरएसए या खुद्द सुरक्षेची साधनं बनवणाऱ्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने जंक फोल्डरमध्ये पडलेली नोकरभरतीची मेल बाहेर काढून तिची एक्सेल फाइल उघडली. तेवढ्यावर चोर आत आले.

आणि तुझ्या कंपनीलाही घड्याळ लागू आहे. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कंपनीला त्या संस्थेकडे कळवावं लागतं. लक्षात कोण आणून देणार, तूच ना?

सकाळची वाट बघू नकोस. तुमच्या आयटीचा रात्रीचा नंबर असेल तर आत्ताच लाव, नसेल तर मॅनेजरला. किती वाजता काय केलंस ते आठवेल तसं लिहून दे. काही लपवू नकोस, सारवासारव नको.

सांगून झालं की फोन कर. आम्ही दोघं जागे आहोत.

तुझे,
बाबा