शंभर टक्के प्लेसमेंट, पण कशाचे शंभर टक्के?

महोदय,

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या जवळ आल्या की घोडबंदर रोडपासून वाशी-खारघरपर्यंत खांबाखांबावर फलक लटकू लागतात. ‘१०० टक्के प्लेसमेंट’, ‘सर्वोच्च पॅकेज अमुक लाख’ आणि खाली चार हसरे चेहरे. हे वाचून पालक विचारतात, “कॉलेज कसं आहे?” खरे तर विचारायला हवे ते असे : या कॉलेजच्या या शाखेत चार वर्षे आणि पाच-सात लाख रुपये घालण्यात अर्थ आहे का? याचे उत्तर घरबसल्या, फुकट मिळते. त्यासाठी क्लासच्या ‘काउन्सेलर’ला पाच हजार मोजायची गरज नाही.

आधी एक गैरसमज. ‘ट्रस्टचे कॉलेज आहे, धंदा नाही’ हे वाक्य प्रवेशाच्या खिडकीवर हमखास ऐकू येते. आपल्याकडे कागदावर एकही कॉलेज नफ्यासाठी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात खासगी संस्थेला वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली आणि नफेखोरी व कॅपिटेशन फीला मनाई केली. त्यामुळे पाटीवर ‘मंडळ’, ‘प्रतिष्ठान’ किंवा ‘ट्रस्ट’ सगळीकडेच दिसणार. ती शिल्लक प्रयोगशाळेत गेली की संगमरवरी प्रवेशद्वारात, हे पाटीवरून कळत नाही.

कळते ते एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मानांकनाच्या, तक्त्यावरून. या मानांकनात भाग घेणारे कॉलेज आपली माहिती भरून देते आणि ती आपल्या संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित असते. बहुधा ती तळाशी, बारीक अक्षरात सापडते. मानांकन कितवे ते सोडून द्या. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता उघडा आणि एकच आडवी ओळ वाचा : पहिल्या वर्षाला प्रवेश किती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले किती, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले किती, नोकरी लागलेले किती, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. पहिल्या वर्षाला २८८ आणि थेट दुसऱ्या वर्षाला ३२, म्हणजे एकूण ३२०. वेळेत पदवी २४०. नोकरी १४४. उच्च शिक्षण २४. मध्यक पगार वर्षाला ३ लाख ६० हजार. आता १४४ ला ३२० ने भागले की येतात ४५ टक्के. हेच कॉलेज फलकावर ‘९० टक्के’ लिहू शकते आणि खोटे बोलल्याचा आरोपही त्याच्यावर येत नाही, कारण ते १४४ ला १६० ने भागते. हे १६० कोण? ‘पात्र आणि इच्छुक’. म्हणजे दहावीपासून ६० टक्क्यांच्या वर असलेले, एकही केटी (राहिलेला विषय) नसलेले आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेले. केटीवाले आणि ड्रॉप लागून वर्ष वाया गेलेले त्या हिशेबात आलेच नाहीत, पण शुल्क त्यांनीही पूर्ण भरले. भागाकार करताना थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना विसरू नका. पदवी घेणाऱ्यांत ते धरले जातात आणि फक्त पहिल्या वर्षाच्या प्रवेशाने भागले तर चित्र आहे त्याहून बरे दिसते.

‘ऑफर’ आणि ‘विद्यार्थी’ यांतही फरक करा. एकाच मुलीला तीन कंपन्यांनी निवडले तर ऑफर तीन होतात, नोकरी एकच. सर्वोच्च पॅकेज तर एका मुलाचे असते. सरासरीही त्या एकामुळे फुगते, म्हणून मध्यक बघायचा : पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधल्या मुलाचा. हा तक्ता कॉलेजने स्वतः भरलेला असतो आणि सगळ्या शाखांचा मिळून असतो, ही त्याची मर्यादा. तरीही फलकापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक. ज्या कॉलेजने मानांकनात भागच घेतला नाही, त्याच्यासाठी एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) डॅशबोर्डवर मंजूर जागा, झालेले प्रवेश आणि प्लेसमेंट संस्थानिहाय पाहता येते.

मध्यक हाती आला की कर्जाशी ताडून पाहा. वर्षाला दीड लाख शुल्क धरले तर चार वर्षांचे सहा लाख. १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता जवळपास ९,९६० रुपये. शिक्षण चालू असतानाचे व्याज भरले नाही तर ते मुद्दलात मिळवले जाते आणि हप्ता त्याहून वाढतो. वर्षाला ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार, पण त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. हातात पंचवीस-सव्वीस हजार पडतात. त्यातून दहा हजारांचा हप्ता, रेल्वेचा पास, डबा आणि तळोजा किंवा महापे भागात खोली घ्यावी लागली तर भाडे. हे गणित जिथे बसत नाही तिथे ‘पुढे पगार वाढेलच’ या भरवशावर सही करू नये.

आता शिक्षक. एआयसीटीईचे पदवीसाठीचे प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक. ६० जागांच्या शाखेत पहिले वर्ष सोडले तर तीन वर्षांचे १८० विद्यार्थी, म्हणजे ९ शिक्षक. त्यांची विभागणी १:२:६, म्हणजे एक प्राध्यापक, दोन सहयोगी, सहा सहायक. कॉलेजच्या ‘मँडेटरी डिस्क्लोजर’मध्ये, म्हणजे सक्तीने जाहीर करायच्या माहितीत, शिक्षकांची यादी असते. नावे मोजा आणि रुजू झाल्याच्या तारखा पाहा. निम्म्याहून अधिक जण गेल्या वर्षभरातले असतील तर शिक्षक टिकत नाहीत असे समजा. ते का टिकत नाहीत, हे त्यांच्या पगाराच्या तारखांना विचारावे.

हे प्रमाण सध्या जास्त महत्त्वाचे झाले आहे. २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी शाखेतील जागांची कमाल मर्यादा एआयसीटीईने काढली. संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागा भराभर वाढल्या, मेकॅनिकल-सिव्हिलच्या आटल्या. २०२३-२४ चे आणि यंदाचे एआयसीटीईचे मान्यतापत्र शेजारी ठेवा. ६० च्या १८० जागा झाल्या आणि शिक्षकांची यादी तेवढीच राहिली, तर वर्गात कोण उभे राहणार?

‘एनबीए मान्यता’ (राष्ट्रीय मान्यता मंडळाची) कॉलेजला नसते, शाखेला असते. दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय शाखेला तिच्यासाठी अर्जच करता येत नाही. तेव्हा तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या डेटा सायन्सच्या माहितीपत्रकावर एनबीएचे बोधचिन्ह दिसले तर ते दुसऱ्या शाखेकडून उसने आणलेले आहे. नॅकची (राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषद) श्रेणी मात्र साऱ्या संस्थेची असते आणि शाखेबद्दल फार काही सांगत नाही.

कॉलेज पाहायला रविवारच्या ‘ओपन डे’ला जाऊ नका. जुलैच्या मध्यानंतर वरच्या वर्षांचे वर्ग चालू असतात, तेव्हा मंगळवारी-बुधवारी दुपारी दोनला, प्रॅक्टिकलच्या वेळी जा. वर्कशॉपमधल्या लेथच्या (धातू कातायच्या यंत्राच्या) बेडवर तेलाचा ओशटपणा आहे की गंज, खालच्या ट्रेमध्ये धातूचा ताजा चुरा आहे की धूळ, हे मिनिटभरात दिसते. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाचे जर्नल पाहायला मागा. दहाही प्रयोगांवर एकाच तारखेच्या सह्या असतील तर प्रयोग झालेच नाहीत, सबमिशनच्या आठवड्यात जर्नल उतरवले गेले. बडा घर पोकळ वासा ओळखायला याहून सोपी खूण नाही.

शुल्काबाबत थोडक्यात. मंजूर आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. बस, गणवेश, ‘कौशल्य प्रशिक्षण’ यांचे पैसे त्यावर वेगळे लागतात, ते लेखी मागा. बिनपावतीचे डोनेशन १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.

सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच आहे. कॅपमध्ये हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून घाईघाईने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला जातो. त्याबरोबर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती जाते, कारण ती कॅपमधून आलेल्यांनाच मिळते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी पूर्ण शुल्कमाफीही जाते. खासगी विद्यापीठांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही माफी लागूच नाही. नावात ‘विद्यापीठ’ दिसले की हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. असा प्रवेश घेण्यापेक्षा दहावीच्या गुणांवर मिळणारा ठाण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातला तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसरे वर्ष हा रस्ता स्वस्त पडतो. बारावीला गणिताने दमवलेल्या मुलाला तो झेपतोही जास्त.

हे प्रवेश राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाला एक विनंती. पर्याय अर्जात चॉइस कोडसमोर एकूण प्रवेश, नोकरी लागलेले विद्यार्थी आणि मध्यक पगार हे तीन आकडे छापावेत. माहिती सरकारदरबारी आधीच आहे, फक्त एका रांगेत आणायची आहे. आणि आपल्या वृत्तपत्रानेही प्लेसमेंटची टक्केवारी असलेली जाहिरात घेताना खाली एक ओळ सक्तीची करावी : ही टक्केवारी किती विद्यार्थ्यांपैकी आहे.

आपला,
एक निवृत्त तंत्रशिक्षक,
कोपरखैरणे, नवी मुंबई