उजवीकडची दाढ

नाशिक, 11 जानेवारी

प्रिय बाळ्या,

फोनवर तू "उपटून टाक एकदाची" म्हणालास आणि मी हसण्यावारी नेलं. खरं तर तेव्हा गाल हाताने धरूनच बोलत होतो.

दिवाळीत ठणका सुरू झाला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघताच अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं, चार दिवसांत गप्प. महिन्याने परत, परत त्याच गोळ्या. मग हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुटकुळी आली. दुखायची नाही, दाबली की तोंडात खारट घाण चव. मला वाटलं, चला, बरं होतंय! मिसळ खायची ती डावीकडून, एवढाच काय तो त्रास. हिने शेवटी कॉलेज रोडवरच्या डॉक्टरीणबाईंकडे धरून नेलं.

त्यांनी केलेली गंमत सांगतो. रूट कॅनॉल भरायला वापरतात ती रबरासारखी बारीक गुलाबी काडी, गटापर्चा, त्यांनी त्या पुटकुळीच्या भोकातून अलगद आत सरकवली आणि एक्सरे काढला. मी शपथेवर सांगत होतो की शेवटून दुसरी दाढ आहे, मागच्या वर्षी भरलेली. काडीचं टोक निघालं तिच्या पुढच्या दाढेच्या मुळाशी, जिथे हाडात काळा डाग होता. म्हणजे आपण कॉलेजात एकाच दिवशी जाऊन चांदी भरून घेतली होती, तीच ही. दुखत का नव्हतं, तर पूला बाहेर पडायला वाट मिळाली होती म्हणून. आणि गोळ्या? त्या रक्तातून जातात. दाढेची नस मेली की आत रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कसं? आजूबाजूची सूज तेवढी उतरते, मूळ घर तसंच.

डेंटिस्टांच्या हिशेबात या दाढेचा नंबर 46, आणि मीही 46चाच! सहाव्या वर्षी आलेली, म्हणजे चाळीस वर्षं नोकरी झाली बिचारीची.

तुझ्या सल्ल्याचाही विचार केला रे. पण काढली तर पुढे काय? ब्रिज करायचा तर शेजारच्या दोन दाढा घासायच्या, त्यातली एक अगदी धडधाकट. इम्प्लांटला खर्च बराच, शिवाय माझी साखर. तीन महिन्यांची सरासरी 7.9 आली, त्यावर बाईंनी जे तोंड केलं ते हिच्यापेक्षा भारी होतं. मूळ तडकलेलं नाही, हाड बऱ्यापैकी शाबूत आहे, तेव्हा वाचवून बघू असं ठरलं. यश येईलच अशी खात्री मात्र त्यांनी दिली नाही, आणि मला तेच आवडलं.

पहिल्या बैठकीत आतलं सगळं साफ करून जंतू मारणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं, वर तात्पुरतं सिमेंट. या दाढेत सहसा तीन कॅनॉल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, असतात, माझ्यात चार निघाले. आठ दिवसांत पुटकुळी बसली. काल कॅनॉल पक्के भरले. पुढच्या शनिवारी कॅपचं माप. ती टाळायची नाही, कारण पोकळ झालेली दाढ एखाद्या खारकेनेही तडकते. मग सहा महिन्यांनी एक्सरे, वर्षाने पुन्हा. हाड भरायला वेळ लागतो, डाग लहान होत गेला तर जिंकलो, नाही तर मग तुझा सल्ला आहेच. मध्येच ताप आला, जबड्याखाली सूज आली किंवा तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं, असं त्यांनी दोनदा बजावलंय.

तुझी चांदी कशी आहे? कुठेही कर, पण एक एक्सरे काढून घे. आणि वहिनींना सांग, या संक्रांतीला तिळाची कडक वडी पाठवू नका, मऊ लाडू पाठवा. डावीकडून खातो.

तुझा,
पम्या