फीडरखाली काय पडतं ते आधी बघा

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या फीडरवरून, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगलेल्या भांड्यावरून, शेजारचे काका तक्रार करतात, त्यावर फोनवर तुम्ही म्हणालात, "शेजारच्या काकांना पक्ष्यांचाच तिटकारा आहे." मला तसं वाटत नाही. त्यांच्या तक्रारी आठवून बघा: गाडीवर शीट, वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग, अंगणात उडून आलेली फोलं, रात्री घुशी. दाणे टिपणाऱ्या पक्ष्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. फीडरखाली काय पडतं आणि पक्षी यायच्या आधी, गेल्यानंतर कुठे बसतात, एवढंच त्यांचं दुखणं आहे. मी राहते तिकडे परसात फीडर टांगायची चाल जुनी, त्यामुळे हे भांडणही जुनं, आणि त्यावरचे उपाय आता मापांसकट ठरलेले आहेत.

आधी काकांकडे जा. फीडरवर गर्दी असते त्या वेळी जा आणि त्यांच्या बाजूने उभं राहून बघा. घाण नेमकी कुठे, किती वाजता आणि कशाची, एवढंच विचारा. पक्ष्यांना खाऊ घालणं पुण्याचं काम, हा मुद्दा तिथे काढू नका. तो काढला की समोरचा माणूस आपोआप पापाच्या बाजूला जातो आणि बोलणं खुंटतं. त्यांच्या घरात कुणाला दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र पुढचं काही वाचू नका, दाणे सरळ बंद करा. कबुतरांच्या शिटेची धूळ श्वासात जाऊन काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. तिथे जाळ्या आणि ट्रे उपयोगाचे नाहीत. तसंच सोसायटीचा किंवा नगरपालिकेचा नियम आड येत असेल तर वाद घालत बसू नका. फुलांची, फळांची झुडपं लावा. पक्षी त्यांवर येतात, आणि फोलांचा प्रश्नच राहत नाही.

तसं काही नसेल तर दोन आठवडे दाणे बंद ठेवतो असं तुम्हीच होऊन सांगा. पक्षी उपाशी मरत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चिकडी नावाच्या, चिमणीहून लहान पक्ष्यावर भर थंडीत अभ्यास झाला होता. फीडर हाताशी असूनही रोजच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्साच ते पक्षी तिथून घेत होते, बाकीचं रानातून. या दोन आठवड्यांत घुशी कमी झाल्या तर कारण आपले दाणे. तितक्याच दिसत राहिल्या तर कचरापेटी आणि गटार बघायला हवं, आणि ते काकांनाही आपसूक कळेल. विष मात्र घालू नका. विष खाऊन सुस्तावलेली घूस घुबड उचलतं आणि तेही मरतं.

आता दाण्यांचं. चिमणी सूर्यफुलाचं बी कसं खाते ते एकदा जवळून बघा. चोचीच्या कडेला आडवं धरते, जिभेने फिरवते, कट्कन वाजतं, गर आत जातो आणि टरफलाच्या दोन होड्या खाली. काळ्या बीच्या वजनात जवळपास पाव हिस्सा हे टरफल असतं. म्हणजे रोज २०० ग्रॅम बी घातलं तर महिन्याला दीड किलो फोलं. ती वाऱ्याने पलीकडे जातात, आणि जी आपल्याकडे राहतात त्यांनी खालच्या झाडांची वाढ खुंटते. म्हणून सोललेलं सूर्यफूल घाला. महाग पडतं खरं, पण खाली काही उरत नाही. एकच काळजी: सोललेला गर भिजला की लवकर बुरसतो, तेव्हा एका दिवसापुरताच भरा.

विकतचं मिश्रण नको. त्यात वजन भरायला घातलेली ज्वारी आणि गहू बरेच लहान पक्षी नको म्हणून चोचीने बाहेर फेकतात, आणि ते टिपायला खाली कबुतरं जमतात. कबुतरांना आमंत्रण असं मिश्रणातून जातं. पाव आणि शिजवलेलं अन्नही बंद. घुशी येतात त्या बहुतेक त्याच्याच वासाने.

कबुतराला खायचं तर उभं राहायला जागा लागते. ती देऊ नका. नळीसारखा फीडर घ्या, आणि त्याभोवती सगळीकडून ४ सें.मी. चौकोनांची मजबूत जाळी लावा. चिमणी आत जाते, कबुतर जात नाही. जाळी आणि दाण्यांचं भोक यांत किमान १२ ते १५ सें.मी. अंतर हवं, नाहीतर कबुतर बाहेरूनच मान घालून खातं. साळुंकीही बाहेर राहील, तेवढं सोसा. सांडलेलं झेलायला खाली ट्रे लावायचा तर तो जाळीच्या आतच बसवा. जाळीबाहेर डोकावणारा ट्रे म्हणजे कबुतरांना आयता पाट. बहुतेकांची चूक इथेच होते.

फीडर भिंतीला किंवा फांदीला न टांगता गुळगुळीत लोखंडी खांबावर, दीड ते पावणेदोन मीटर उंचीवर ठेवा. खांबाभोवती १५ सें.मी. व्यासाची, ६० सें.मी. लांब पत्र्याची नळी अशी अडकवा की तिचं वरचं टोक जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर येईल. हे टोक बंद हवं, उघडं राहिलं तर खार आतूनच वर चढते. भिंत, झाड, तार यांपासून खांब ३ मीटर लांब. त्याहून जवळ असेल तर खार उडी मारते आणि नळीचा उपयोग शून्य. खिडकीपासून मात्र १ मीटरच्या आत, नाहीतर थेट १० मीटर दूर. मधल्या अंतरावरून घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आपटतो.

कपड्यांवरच्या डागांचा फीडरशी थेट संबंध नाही. पक्षी खाली उतरण्याआधी उंचावर बसून अंदाज घेतात, आणि शीट पडते ती तिथे. ती जागा सध्या काकांच्या कपड्यांच्या दोरीच्या वरून जाणारी तार असावी. खांब आपल्या आंब्याच्या बाजूला न्या, कुंपणापासून जितका दूर जमेल तितका. थोड्या दिवसांत पक्षी नव्या जागेला लागतात.

पहाटे दाणे घालू नका, कलकलाट त्याचाच असतो. आठनंतर भरा, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी फीडर रिकामा झालेला असावा. उरले तर दुसऱ्या दिवशी पाव हिस्सा कमी घाला. घुशी रात्री फिरतात; रात्री खाली दाणा नसला तर त्यांना थांबायचं कारण नाही.

काका रोगराईचं बोलले तर ते खोटं समजू नका. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत घशाचा एक रोग पसरला आणि त्यांची संख्या फार घटली; हा रोग आजारी पक्ष्याच्या लाळेने दूषित झालेल्या दाण्या-पाण्यातून पसरतो. फीडर दर दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून धुवा. फीडरच्या नळीच्या तळाशी शेवटच्या भोकाखाली ओल्या दाण्यांचा एक आंबट वासाचा बोळा बसलेला असतो, तो वरून दिसत नाही. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळल्यावरच दाणे. खालची जमीन कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग गोळा करा, म्हणजे धूळ उडत नाही. पाण्याचं भांडं ५ सें.मी. पेक्षा उथळ ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर पुढची तक्रार डासांची येईल.

दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू कराल तेव्हा १०० ग्रॅमपासून करा, आणि काकांना तारीख आधी सांगा. वहीत रोज दोनच नोंदी: किती घातले, संध्याकाळी किती उरले. महिन्याने ती वही घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा.

आई, दाण्यांची पिशवी मागच्या दाराशी ठेवतेस ती उचल. प्लास्टिकचा डबाही नको, घूस कुरतडते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घे.

तुमची,
सुमी